आधी कीड, मग लाख

बुजवे हे मास्तरांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव दुकानात आता कुणाला आठवतही नसे. गिऱ्हाइकं सर्रास “बुजवेसाहेब आहेत का?” असं विचारत येत आणि मास्तरही “आहेत की” म्हणून मान डोलवत. जुन्या लाकडी सामानाच्या दुकानामागं एक लांबोडकी, एकाच खिडकीची खोली होती. तिथं त्यांचं अर्धं आयुष्य भोकं बुजवण्यात गेलं होतं. कपाटांच्या पाठीला, पलंगांच्या पायांना, टेबलांच्या कडांना कीड लागून पडलेली बारीक बारीक भोकं. ती ते लाखेनं भरत. लाखेच्या कांड्या त्यांनी स्वतः रंग मिसळून ओतलेल्या असत. एक मधासारखी, एक कोऱ्या चहासारखी, एक जळक्या पावासारखी. स्पिरिटच्या दिव्यावर पातीचं टोक तापवायचं, कांडीला टेकवायचं, सुटलेला थेंब भोकात सोडायचा, निवला की खरवडून सपाट करायचा आणि वर पॉलिशचा हात फिरवायचा. मग सामानाच्या मालकाला बोलवायचं आणि म्हणायचं, “शोधा.”

मालक नख फिरवी, चष्मा कपाळावर चढवी, खिडकीकडे तोंड करून वाकून बघे. “सापडत नाही बुवा.”

हे “सापडत नाही” ऐकलं की मास्तरांचा दिवस सार्थकी लागे. बाकी कौतुक त्यांना चढत नसे.

पण लाखेआधी एक काम असे आणि त्यात ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. आलेल्या सामानाखाली काळा कागद अंथरायचा आणि वाट बघायची. कागदावर पिवळसर भुकटी पडली की समजायचं, आत कीड जिवंत आहे. मग सुई, मग औषध, मग पुन्हा नवा कागद. कागद कोरा निघेपर्यंत भोकाला हात लावायचा नाही. दुकानदार घायकुतीला येई. “अहो मास्तर, गिऱ्हाईक दारात उभं आहे. वरवर भरून द्या ना!”

“आधी कीड, मग लाख,” मास्तर म्हणत. “उलटं केलं तर ती आत जेवत बसते आणि आपण बाहेरून तिला दार लावून देतो.”

हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की शेजारी खुर्च्यांना गाद्या ठोकत बसलेला गादीवाला त्यांच्या आधीच म्हणून टाके आणि वर विचारे, “बरोबर ना, मास्तर?”

अशा माणसाच्या उजव्या खालच्या दाढेत भोक पडलं.

ते पहिल्यांदा जिभेला सापडलं. आधी एक खरखरीत कड, मग तिळाएवढा खड्डा. बायकोची दाढ भरून घ्यायची होती म्हणून ते तिच्यासोबत दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, तेव्हा बाईंनी सहज त्यांनाही आ करायला लावला होता. “काका, तुमच्याही दाढेला कीड लागलीय. आत्ता भरली तर एका बैठकीत होईल, दुखणारही नाही फारसं.”

“बघू,” मास्तर म्हणाले होते.

त्या ‘बघू’च्या मागं दोन गोष्टी होत्या. एक भीती. जन्मभर खुर्च्या दुरुस्त केलेल्या माणसाला ती मागं कलणारी, सांधा कुठं ते न दिसणारी खुर्ची पसंत नव्हती. तिच्यात पडून राहायचं, दिवा डोळ्यांवर घ्यायचा आणि आपल्यालाच न दिसणाऱ्या भोकात दुसऱ्याला हत्यार घालू द्यायचं. लाकूड हे कसं सहन करतं, असा प्रश्न त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पडला. दुसरी गोष्ट गादीवाल्यानं बाहेर काढली.

“मास्तर, सगळ्यांची भोकं बुजवता आणि स्वतःच्या तोंडात बोगदा?”

“भोक बुजवायला मी दुसऱ्याच्या दारात जाऊ होय?”

बोलले ते हसतच. पण बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांच्या आत तसंच उभं राहिलं, खोलीत कुणी विसरून गेलेल्या माणसासारखं.

मग दाढ बोलू लागली. आधी गार पाण्यानं, मग गोडानं, मग गरम चहानं, मग कशाशिवायही. मास्तर डाव्या बाजूनं चावू लागले. खिशात लवंगा आल्या. जेवताना ते मान एका बाजूला कलती धरत आणि बायको म्हणे, “भिंतीपलीकडचं ऐकताय का काहीतरी?” ती घरी शिवणकाम करायची, मशिनवर वाकलेली असली तरी तिच्या नजरेतून टाका सुटत नसे. “डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊ का?”

“पुढच्या आठवड्यात बघू.”

आणि मग एका सकाळी दुखणं गेलं. कमी झालं नाही, गेलंच. मास्तरांनी गार पाण्याची चूळ तोंडात धरून पाहिली. काही नाही. चहा पाहिला. काही नाही. दाढेवर नखानं टकटक केली, बंद घराच्या दारावर करावी तशी. आतून कुणी ओ दिली नाही.

ते खूश झाले. लाकडातून भुकटी पडायची थांबली की कीड मेली. दुखणं थांबलं, म्हणजे इथंही मेलीच असणार. ज्या माणसानं जन्मात एकही भोक काळ्या कागदाशिवाय भरलं नाही, त्यानं स्वतःच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागवलं. खरं तर दाढेखाली कागद अंथरता येत नाही. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण, त्यांना खात्री करून घ्यायचीच नव्हती.

गादीवाला जेवायला गेला होता. दुरुस्तीला आलेल्या एका ड्रेसिंग टेबलाचा आरसा खिडकीकडे वळवून मास्तर त्याच्यासमोर बसले. जुन्या पेट्यांवरच्या हस्तिदंती नक्षीसाठी ते जस्ताची पांढरी पूड घालून एक कांडी करत, ती घेतली. दाढेतला खड्डा कापसानं कोरडा केला. लाखेची गोळी बोटांना सोसेल इतपत निववून पातीच्या टोकानं आत दाबली. ऊब लागेल म्हणून डोळे मिटून घेतले होते. लागली नाही. मास्तरांना त्याचंही बरंच वाटलं. मग कड साफ केली, दाढेच्या चढउताराप्रमाणं वर बारीक खोबण ओढली, आणि जिभेला सोडलं.

जीभ शोधत फिरली. तिला सापडेना.

आरशात मास्तर हसले. “सापडत नाही बुवा,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि गादीवाल्याची पावलं ऐकून आरसा वळवून ठेवला.

त्यानंतर बरेच दिवस सगळं ठीक चाललं. उजव्या बाजूनं चावता येऊ लागलं. बायकोला वाटलं, दुखणं आपसूक गेलं. त्यांनीही तसंच वाटू दिलं.

एका सकाळी चहाचा कप ठेवताना बायको थबकली.

“अहो, इकडे बघा. गाल सुजलाय तुमचा.”

“डास चावला असेल.”

“डास होता की म्हैस?”

मास्तर हसायला गेले आणि जबडा अर्ध्यावरच अडला. उजव्या कानाखाली कुणीतरी दोरी आवळल्यासारखी. आत एक ठोका पडत होता, मनगटात पडतो तसा, पण चुकीच्या जागी. ते उठून न्हाणीघरात गेले आणि कडी लावली.

खिशात सुई होती. कारागिराच्या खिशात असतेच. त्यांनी बोटांनी ओठ ताणला, आरशात मान वाकडी केली आणि लाखेची कड शोधू लागले. कड नव्हती. त्यांनीच ठेवली नव्हती. सुईचं टोक गुळगुळीत पांढऱ्यावरून घसरून हिरडीत शिरलं. डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा प्रयत्न. पुन्हा घसरलं. लाकडातली लाख काढायची तर तापलेली पाती टेकवतात, हे त्यांना ठाऊक होतं. तोंडात तापलेली पाती घालायची असा विचार आला आणि तो विचार आपल्याला आला याचाच त्यांना घाम फुटला. आत काहीतरी फुगत होतं, त्याला बाहेर पडायला वाट हवी होती, आणि एकुलती एक वाट त्यांनी स्वतःच्या हातांनी, जीव ओतून, बंद केली होती. त्यांचंच काम त्यांना दाद देईना.

दारावर थाप पडली. “काय चाललंय आत? चपला घातल्यात मी. चला.”

“कुठं?”

“तुम्हाला माहीत आहे कुठं.”

डॉक्टरीणबाईंनी गालावर हात ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. ताप बघितला. आ करायला लावला. दोन बोटंही धड मावेनात. कशीबशी पट्टी आत सरकवून दाढेचा फोटो काढला, आणि त्या पडद्यासमोर उभ्या राहून बघतच राहिल्या.

“काका, ही दाढ कुणी भरली?”

मास्तरांनी तोंड मिटून घेतलं.

“हे कुणी भरलंय?”

“होते एक डॉक्टर,” मास्तर दातांआडून म्हणाले.

“कुठले?”

“बाहेरगावचे.”

कोपऱ्यातल्या स्टुलावरून बायको म्हणाली, “तुम्ही बाहेरगावी कधी गेलात?”

खोलीत पाण्याच्या बारीक धारेचा आवाज येत राहिला. खुर्चीशेजारच्या भांड्यात ती धार गोल गोल फिरत होती.

“मला त्यांचं नाव हवंय,” बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, म्हणूनच जास्त कडक वाटला. “हे बघा. या दाढेची आतली कीड काढलेलीच नाही. पोखरलेला भाग तसाच ठेवून वरून झाकण बसवून दिलंय. आत नस मेली, सडली, आता मुळाशी पू झालाय आणि तो हाडातून बाहेर यायला बघतोय. या माणसानं आणखी कितीजणांना असं भरून दिलं असेल? मी कळवणार आहे. नाव सांगा.”

मास्तरांच्या कानात स्वतःचाच आवाज आला, दुकानदाराला रोज ऐकवलेला. ती आत जेवत बसते. आपण दार लावून देतो.

“आणि वापरलंय काय, तेही मला कळत नाहीये,” बाई म्हणाल्या. “मला आत्ता, या मिनिटाला ही दाढ उघडायची आहे. ड्रिलखाली हे कसं वागेल ते ठाऊक नको?”

“लाख आहे,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“लाख. जस्ताची पूड घातलेली. तापली की चिकट होते.” ते थांबले. छताकडे बघत त्यांनी उरलेलं सांगून टाकलं. “मीच भरली. डॉक्टर वगैरे कुणी नाही.”

स्टुलावरून बायकोचा आवाज आला, अगदी हळू. “अहो, ते काय टेबल आहे?”

बाईंनी हातमोजे चढवले. रागावल्या नाहीत, त्याचंच मास्तरांना जास्त लागलं. “बरं झालं सांगितलंत. थंड पाणी सोडत, थोडं थोडं खरवडत जाईन मग. दाढ मेलेलीच आहे, ड्रिलचं दुखणार नाही. दाबाचं दुखेल. हात वर केलात की मी थांबेन.”

त्यांनी हात वर केला नाही. खुर्चीचे हात मात्र त्यांनी असे धरले की तिचे सांधे खरंच कुठं आहेत ते त्यांना कळलं. आवाज कवटीत शिरला. खरवड, पाणी, पुन्हा खरवड. एक तुकडा सुटून जिभेवर पडला, बाईंनी तो चिमट्यानं उचलून ट्रेमध्ये ठेवला. मग एकदम काहीतरी खचल्यासारखं झालं, आणि तोंडात असा वास भरला की मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. तो वास त्यांच्या ओळखीचा होता. वरून चकचकीत असलेल्या कपाटाची मागची फळी काढली की येतो, त्याच जातीचा.

जबड्यातली दोरी मात्र सैल झाली होती.

“कीड म्हणजे काही किडा नसतो, काका,” पू पुसून घेताना बाई सांगत होत्या. “जंतू असतात. आपण खाल्लेल्या गोडावर जगतात, आम्ल सोडतात, त्यानं दात विरत जातो. दुखत होतं तोवर नस जिवंत होती. दुखणं थांबलं तेव्हा खरं तर धावत यायला हवं होतं.”

त्यांनी दाढ आज उघडीच ठेवली, वर फक्त कापूस. गोळ्या लिहून दिल्या. मग पेन घेतलं आणि मास्तरांच्या जबड्याच्या कडेनं, सूज जिथं संपत होती त्याच्या बोटभर खाली, एक निळी रेघ ओढली.

“ही रेघ. काकू, तुमच्याकडे सोपवतेय. सूज हिच्या खाली मानेकडे उतरली, गिळायला त्रास व्हायला लागला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, तर माझ्याकडे यायचं नाही, मला फोनही करायचा नाही. सरळ मोठं हॉस्पिटल. श्वास अडकू शकतो. समजलं?”

“समजलं,” बायको म्हणाली. रेघेचं तिला काही नवं नव्हतं. जन्मभर तिनं खडूच्या रेघेवरून कात्री चालवली होती.

ट्रेमधला तुकडा मास्तरांनी उठता उठता पाहिला. वरची बाजू अजून चमकत होती, त्यांनी ओढलेली खोबणसुद्धा जशीच्या तशी. खालची बाजू काळी.

घरी तिनं त्यांना खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवलं, उजेड गालावर पडेल असं. स्वतः मशिनवर बसली. पण मशिन चाललं नाही. थोड्या थोड्या वेळानं ती उठे, दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर करी.

“गिळा.”

ते गिळत.

“पुन्हा.”

ते पुन्हा गिळत. ती परत जाऊन बसे. दोघांत एवढंच बोलणं. एरवी भांड्याला भांडं लागलं तरी चार वाक्यं बोलणारी बाई. मास्तरांना तिचं गप्प बसणं सुजेपेक्षा जड झालं.

“बोल काहीतरी,” ते म्हणाले.

“मला का सांगितलं नाहीत?”

“हसली असतीस.”

“हसलेच असते. मग धरून घेऊन गेले असते.” तिनं मशिनचं चाक उगाच एकदा फिरवलं. “सगळ्या जगाला सांगता, आधी कीड, मग लाख. मला पाठ झालंय ते. झोपेतही बडबडता. आणि स्वतः?”

मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर कधीतरी खिळा काढला होता, ते भोक तसंच होतं. इतक्या वर्षांत ते त्यांना बुजवावंसं वाटलं नव्हतं. आपल्या घरचं म्हणून.

दुपार कलली. तिनं हनुवटी वर केली आणि या वेळी सोडली नाही. तिची बोटं गार पडली.

“काय?”

“रेघेला लागलीय.”

“ओलांडली?”

“लागलीय म्हटलं ना.”

तिनं शिवणाची टेप आणली, त्यांच्या कानाच्या पाळीपासून रेघेपर्यंत धरली, पुन्हा धरली. त्वचा तिथं ताणून चकचकीत झाली होती, पॉलिशचा पहिला हात दिल्यासारखी. मास्तरांनी गिळून पाहिलं. गिळलं गेलं. पण गिळताना मनात पहिल्यांदा आलं, की पुढचं गेलं नाही तर? जीभ उचलल्यासारखी वाटतेय का? ते जिभेकडे लक्ष देऊ लागले, आणि लक्ष दिलं की जीभ मोठी वाटायला लागते. श्वास मोजू लागले, आणि मोजलेला प्रत्येक श्वास आखूड भरला.

“थोडं थांबून बघू,” ते म्हणाले.

“थांबणं पुरे झालं तुमचं.” तिनं पिशवी उचलली. ती कधीच भरून ठेवलेली होती. पाण्याची बाटली, गोळ्या, त्यांचा स्वेटर.

“पण ओलांडली नाही ना अजून!”

“ओलांडेल तेव्हा आपण कुठं असायचं? या खुर्चीत? चला. तिथं बाकावर बसू. नाही ओलांडली तर हवा खाऊन परत येऊ.”

मोठ्या हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात, तातडीच्या विभागाच्या काचेच्या दारासमोरच एक बाक होता. त्यावर ती त्यांना घेऊन बसली. दारावरच्या माणसानं विचारलं, “काय होतंय?” तिनं सांगितलं. आतून एक नर्स आली, गाल बघितला, रेघ बघितली, ताप आणि श्वास तपासला, गोळ्या विचारल्या. “चांगलं केलंत इथंच बसलात ते. गिळता येईनासं झालं की लगेच हाक मारा.” आणि दार पुन्हा मिटलं.

मिटलं, उघडलं, मिटलं. दर वेळी आतला पांढरा उजेड व्हरांड्याच्या फरशीवर सांडे आणि गोळा होऊन परत जाई. पलीकडे एक म्हातारा पाय धरून बसला होता. कुणाचं तरी मूल एकसुरात रडत होतं. मास्तर रुमालात थुंकत होते; कापसाच्या कडेनं दाढ अजून वाहत होती. जन्मात त्यांनी एक भोक उघडं टाकून दुसऱ्या कामाला हात घातला नव्हता. आता भोक त्यांच्या तोंडात होतं, उघडं, आणि ते उघडं आहे म्हणूनच ते श्वास घेत बसले होते.

“अगं,” ते म्हणाले, “मला काही झालं तर ते ड्रेसिंग टेबल...”

“गप्प बसा.”

“त्याच्या मागच्या फळीत कीड आहे अजून. दुकानदार ऐकणार नाही. गादीवाल्याला सांग, भरू देऊ नकोस म्हणावं.”

तिला हसू फुटलं, पोटातून, रडण्यासारखं. “मी इथं जीव मुठीत धरून बसलेय आणि तुम्हाला फळीची पडलीय!”

“गिळलं बघ आत्ता मी,” ते म्हणाले. “बोलता बोलता. कळलंसुद्धा नाही.”

तिनं हनुवटी वर केली. बाहेर दिवे लागले होते. तिनं त्यांना दिव्याखाली वळवलं. कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं अंगठा रेघेवरून हळूच फिरवला.

“सुरकुती,” ती म्हणाली.

“काय?”

“रेघेपाशी सुरकुती पडलीय. सूज ओसरली की कातडी अशी पडते. मघाशी नव्हती.” ती बाकाला टेकून बसली आणि डोळे मिटले. “आयुष्यात पहिल्यांदा सुरकुती बघून बरं वाटलं मला.”

सूज उतरायला पुढं काही दिवस गेले. निळी रेघ धुऊन धुऊन फिकट झाली. बाईंनी दाढ आतून साफ करून औषध भरून बंद केली होती, आणि आता तिचं काय करायचं ते ठरवायचं होतं.

“मुळांच्या नळ्या साफ करून भरायच्या आणि वर टोपी बसवायची, हा एक मार्ग,” त्या म्हणाल्या. “दाढ राहते. किंवा काढून टाकायची. आधी खालपर्यंत बघू द्या.” त्यांनी आतलं सगळं काढलं, खड्डा कोरडा केला आणि एक निळं औषध फिरवून धुतलं. मग छोटा आरसा आत धरून मास्तरांच्या हातात मोठा आरसा दिला.

खड्ड्याच्या तळाला, आरपार, एक निळी रेघ होती. केसासारखी.

“चीर,” मास्तर म्हणाले.

“हो. मुळापर्यंत गेलीय. भिंती पातळ झाल्या होत्या आणि तुम्ही त्याच बाजूनं चावत होतात. तरी घाई नको, घरी विचार करून...”

“काढा.” आवाज त्यांना वाटला होता तितका स्थिर आला नाही. “चिरलेल्यात भरलेलं राहत नाही, डॉक्टर. आतून हलत राहतं. काढा.”

बाईंनी मान हलवली. “माझंही तेच मत होतं.” मग त्यांनी शेजारच्या दाढेवर अणकुचीदार टोक टेकवलं. ते किंचित अडकलं. “इथं मात्र नुकतीच सुरुवात आहे. ही नुसती भरून वाचेल. पुढच्या वेळी आलात की...”

“आजच,” स्टुलावरून बायको म्हणाली.

“आजच,” मास्तर म्हणाले.

“मग आधी ही भरते, नंतर ती काढते.”

मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. हिरडीत सुई टोचली, ओठ जड झाला. बाईंनी किडलेलं काढलं, थांबल्या, टोक टेकवून पाहिलं, आणखी थोडं काढलं, पुन्हा टेकवलं. मास्तर त्यांच्या मनगटाकडे बघत होते. बाई घाई करत नव्हत्या. घट्ट दात लागेपर्यंत त्या खरवडत राहिल्या, आणि मास्तरांची खुर्चीच्या हातावरची पकड कधी सैल झाली ते त्यांना कळलं नाही. मग कसलंसं मऊ, दातांच्या रंगाचं आत भरलं, निळ्या दिव्यानं घट्ट केलं, आणि दातांखाली रंगीत कागद ठेवून म्हणाल्या, “चावा. टोचतंय कुठं?”

“मागच्या बाजूला उंच आहे.”

कागदानं जिथं ठिपका उमटवला होता, तिथं त्यांनी घासलं. पुन्हा कागद. पुन्हा. “आता?”

मास्तरांनी मान हलवली. आता नाही.

मग त्यांनी पलीकडची दाढ काढली.

कामावर परतले त्या दिवशी गादीवाला वाटच बघत होता. “या! अहो, ऐकलं ते खरं का? दाढेत लाख?”

“खरं.”

“बघू तरी!” त्यानं त्यांना खिडकीपाशी ओढलं. मास्तरांनी आ केला. “अरे बापरे, ही तर गेलीच. मोठं खिंडार आहे की. वहिनी म्हणत होत्या, दुसरी भरलीय म्हणून. ती कुठली?”

“शोध,” मास्तर म्हणाले.

गादीवाल्यानं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, हातातला हातोडा खाली ठेवून वाकून पाहिलं. “सापडत नाही, मास्तर.”

मास्तरांनी तोंड मिटलं. जीभ आपली पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे गेली, तिथं थोडी रेंगाळली, परत आली.

“माझं काम नाही ते,” ते म्हणाले.

दारातून दुकानदार ओरडला, “मास्तर, आलात का? ते ड्रेसिंग टेबल उद्याच द्यायचंय हां! एवढं भरून टाका आज!”

मास्तर गुडघ्यांवर बसले, टेबलाखालचा काळा कागद हळूच ओढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिले. मग तो झटकला, पुन्हा टेबलाखाली सरकवला आणि सुई शोधायला उठले.